वितंडेचा सुवर्णकाळ

भारतीय न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचा पक्ष नुसता खोडत राहणे ही वितंडा. जुन्या नैयायिकांनी वितंडेला शेवटच्या पंगतीला बसवले, याचे कारण बहुधा असे की त्या काळी वितंडा करणाऱ्याला त्याबद्दल कोणी मानधन देत नसे. ही उणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत भरून निघाली आणि हवामानबदलाच्या विज्ञानाविरुद्ध चाललेल्या चर्चेत या उपेक्षित शास्त्राला निधी, कार्यालये, प्रवक्ते आणि थेट सिनेटचे व्यासपीठ असे सर्व वैभव लाभले. त्याचा पद्धतशीर परिचय मराठी वाचकांना करून देणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ज्याचे खंडन करावयाचे तो पूर्वपक्ष आधी मांडावा, असा दंडक आहे. हा पक्ष तसा रटाळ आहे, कारण तो दीडशेहून अधिक वर्षे तेच ते सांगत आला आहे. कार्बन डायऑक्साइड हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, परंतु तापलेल्या पृथ्वीकडून बाहेर जाणारी अवरक्त प्रारणे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, शोषून घेतो व तिचा काही भाग पुन्हा खाली धाडतो. हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला; त्यांच्या तीन वर्षे आधी अमेरिकेच्या युनिस फूट यांनी हा वायू भरलेली नळी उन्हात अधिक तापते असे दाखवले होते, पण त्यांचा निबंध विद्वत्सभेत वाचला एका पुरुष शास्त्रज्ञाने. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित कागदावर करून ठेवले. हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे २८० भाग होते, १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आता ४२० च्या पुढे गेले आहेत. ही भर कोळसा व तेल यांतूनच आली, हेही ओळखता येते. लक्षावधी वर्षे गाडल्या गेलेल्या कार्बनात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो आणि हवेतील त्याचे प्रमाण त्या हिशेबाने पातळ होत गेलेले आढळते.

वितंडेचे आद्य सूत्र मात्र हवामानाच्या नव्हे, तंबाखूच्या दरबारात रचले गेले. संशय हाच आपला खरा माल आहे, असे एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या १९६९ मधील अंतर्गत टिपणात नमूद आहे. सिगारेटने कर्करोग होत नाही, असे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे टळली. ‘अजून खात्री नाही’ एवढे म्हणत राहिले की दुकान चालू राहते. २००२ च्या सुमारास फ्रँक लुंट्झ या प्रचारतज्ज्ञाने रिपब्लिकन पक्षाला हेच सूत्र हवामानासाठी लावून दिले : शास्त्रज्ञांचे एकमत झाले आहे असे लोकांना वाटू लागले की त्यांचे मत बदलेल, म्हणून अनिश्चितता हाच चर्चेचा मुख्य मुद्दा ठेवावा.

शास्त्र म्हटले की प्रमाणे आली. प्रत्यक्ष प्रमाण, म्हणजे इंद्रियांना थेट जाणवते ते, या संप्रदायात सर्वश्रेष्ठ मानले जाते आणि त्याचा अभिजात प्रयोग २६ फेब्रुवारी २०१५ रोजी झाला. त्या दिवशी सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष, ओक्लाहोमाचे जेम्स इनहोफ, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा घेऊन सभागृहात आले, २०१४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याची बातमी खोटी असल्याचे सूचित करून बाहेर फार थंडी आहे असे त्यांनी सांगितले आणि तो गोळा सभागृहातच भिरकावला. हवा म्हणजे एका ठिकाणची त्या दिवसाची स्थिती आणि हवामान म्हणजे निदान ३० वर्षांची सरासरी, हा शाळकरी भेद पर्यावरण समितीच्या अध्यक्षांना ठाऊक असावा अशी अपेक्षा करणे प्रोटोकॉलला धरून झाले नसते. फेब्रुवारीत वॉशिंग्टनला बर्फ पडतो, यात पृथ्वीचा काही दोष नाही. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, १ एप्रिल रोजी, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील बर्फाचा साठा सरासरीच्या अवघा ५ टक्के भरला, आणि पुढे २०१५ या वर्षाने २०१४ चाही उच्चांक मोडला. मात्र या दोन्ही गोष्टी पिशवीत घालून आणण्याजोग्या नव्हत्या.

दुसरे शब्दप्रमाण, अर्थात आप्तवाक्य : विश्वासार्ह माणसाने सांगितले म्हणून मानणे. याचा आदर्श नमुना म्हणजे १९९८ पासून फिरवले गेलेले ओरेगॉनचे निवेदन. हवामानबदलाचा धोका पुराव्यावाचून आहे, असे म्हणणाऱ्या ३१ हजारांहून अधिक विज्ञाननिष्ठांच्या सह्या त्यावर असल्याचे सांगण्यात येते. सहीची पात्रता विज्ञानशाखेची साधी पदवी एवढीच होती, त्यामुळे त्यात अभियंते आले, डॉक्टर आले, पशुवैद्य आले आणि निवेदनकर्त्यांच्या स्वतःच्याच वर्गवारीनुसार ३९ हवामानशास्त्रज्ञही आले. काही खोडकरांनी ‘स्पाइस गर्ल्स’ या गायिकावृंदातील जेरी हॅलिवेल यांनाही डॉक्टर करून यादीत घातले होते. सोबत जोडलेला लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्राची हुबेहूब मांडणी उचलून छापलेला होता आणि शिफारसपत्र अकादमीचे माजी अध्यक्ष फ्रेडरिक साइट्झ यांचे होते, त्यामुळे अकादमीला आपला याच्याशी काहीही संबंध नाही असे जाहीर निवेदन काढावे लागले. साइट्झ हे पदार्थविज्ञानात खरोखर मोठे नाव. निवृत्तीनंतर त्यांनी एका सिगारेट कंपनीच्या संशोधननिधीचे सल्लागारपद सांभाळले होते. गुरुपरंपरा अखंड राहिली, ती अशी.

अनुमानाबद्दल थोडक्यात आटोपावे. एल निनोमुळे असाधारण तापलेले १९९८ हे वर्ष आरंभबिंदू धरले की पुढची दहा वर्षे आलेख सपाट दिसतो. म्हणून ‘तापमानवाढ १९९८ मध्ये थांबली’ हे विधान बरीच वर्षे सुखाने नांदले. २०२४ अखेर नोंदींतील सर्वांत उष्ण दहा वर्षे म्हणजे २०१५ ते २०२४ ही सलग दहा वर्षे ठरली, तेव्हा नवा आरंभबिंदू शोधण्याचे काम चालू असणारच.

प्रतिपक्षाची चूक सापडणे याला न्यायशास्त्र निग्रहस्थान म्हणते आणि एक चूक खरोखरच सापडली होती. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता वर्तवली गेली. हे वाक्य १९९९ च्या एका नियतकालिकातील मुलाखतीवरून एका संस्थेच्या अहवालात आणि तेथून मंडळाच्या अहवालात तपासणीवाचून शिरले होते. हा हलगर्जीपणा अक्षम्यच होता, आणि आक्षेप घेणाऱ्या भारतीय हिमनदीतज्ज्ञांचा सुरुवातीला उपहास झाला तोही. परंतु जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक जाहीरपणे मान्य केली. वितंडेत अशी सोय नाही. ज्याने पक्षच मांडलेला नाही, त्याने मागे काय घ्यावे?

या नियमाला अपवाद करण्याचा प्रमाद एकदा घडला. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींबद्दल प्रामाणिक शंका होत्या. त्यांनी ‘बर्कले अर्थ’ या प्रकल्पात सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि त्यासाठी तेलव्यवसायातील कोक घराण्याच्या प्रतिष्ठानानेही पैसा दिला. तापमान वाढले आहे हे २०११ मध्ये आणि त्याचे कारण जवळजवळ सर्वस्वी मनुष्य आहे हे २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीर केले. संशयाचा उपयोग शंका फिटण्यासाठी करणारा हा गृहस्थ संप्रदायातून बाद झाला, हे सांगणे नलगे.

महाराष्ट्रात हे शास्त्र ग्रंथरूपाने पोचले नाही, ते फॉरवर्डच्या रूपाने आले, आणि येथील शाखेने मूळ संप्रदायाचा तर्कही अनावश्यक ठरवला. उद्या पहाटेपासून ‘ॲफेलियन’ सुरू होत असून पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के दूर जाणार, त्यामुळे ऑगस्टपर्यंत थंडी, सर्दी व खोकला वाढेल, असा संदेश वर्षानुवर्षे काकांकडून मामांकडे जात असतो. अपसूर्य, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असण्याची स्थिती, दर वर्षी जुलैच्या आरंभी येते. तेव्हाचे अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर, तर जानेवारीत पृथ्वी सर्वांत जवळ असतानाचे १४.७ कोटी, म्हणजे फरक तीन टक्क्यांच्या आसपास. सूर्य जवळ असल्यामुळे ऊब येत असती, तर जानेवारीत निफाडच्या बागायतदारांना द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या नसत्या.

सर्वांत अवघड भाग असा की वितंडावाद्याला स्वतःचा सिद्धांत विचारला, तर एकाच सभेत चार मिळतात : तापमान वाढत नाही; वाढते, पण सूर्यामुळे; मनुष्यामुळेच वाढते, पण पिकांना ते हितकर आहे; आणि आता उपाय करण्यास उशीर झाला आहे. सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर हा थर थंड होतो आहे, जसे स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. ज्वालामुखींना दोष द्यावा, तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड मनुष्याच्या तुलनेत जेमतेम एखादा टक्का भरतो.

या परंपरेतील सर्वाधिक भरवशाचे लेखन मात्र दीर्घकाळ कपाटात राहिले. एक्सॉन या तेलकंपनीच्या व्यवस्थापनाला त्यांचेच शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्ये हरितगृह परिणामाची कल्पना दिली होती, आणि पुढे कंपनीत तापमानाची भाकितेही तयार झाली; जाहीररीत्या मात्र कंपनी विज्ञानातील अनिश्चिततेवर वर्तमानपत्रांत जाहिराती छापत राहिली. ‘सायन्स’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही १९७७ ते २००३ या काळातील भाकिते तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अचूक ठरली. दर दशकाला सुमारे ०.२ अंश सेल्सिअस वाढ होईल, असे त्यांचे सरासरी गणित होते, आणि पृथ्वी तापत आली आहे ती जवळजवळ त्याच वेगाने.