मदरबोर्डाला जामीन कोण?

संगणकातल्या बाकी सगळ्या भागांना काहीतरी मोजमाप आहे. प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झचा, रॅम किती जीबीची, डिस्क किती टीबीची, हे दुकानदार सांगतो, आपण मान डोलावतो आणि आकडा मोठा असेल तर मुकाट्याने जास्त पैसे मोजतो. मदरबोर्डाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो, "टिकेल ना?" आणि या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

माझं रत्नागिरीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि गणपती गेले की एखादा दिवाळी अंक. सहकारी संस्थांना सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर उरकावी लागते, त्यामुळे साऱ्या तालुक्याचे अहवाल एकाच वेळी माझ्या टेबलावर येऊन पडतात. अशाच एका भाद्रपदात, एका पतसंस्थेचा ताळेबंद जुळत आलेला असताना, माझ्या मदरबोर्डाने मान टाकली. पंखा फिरे, दिवा लागे, पडद्यावर मात्र काळोख. मॅनेजरसाहेब येऊन म्हणाले, "आमचा ताळेबंद गेला?" मी म्हटलं, "ताळेबंद पेन ड्राइव्हवर आहे, संगणक गेला." त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा कुठे पडायचा?

तरी बोर्ड वॉरंटीत होता. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. बोर्ड टॉवेलात गुंडाळून, मूळ डबा, मूळ पावती, पावतीची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन मी आंबा घाटातून एसटीने गेलो. काउंटरवरच्या मुलाने बोर्ड हातात घेतला, मागची यूएसबीची तोंडं उजेडात धरली आणि विचारलं,

"काका, हा समुद्रात ठेवला होता का?"

"समुद्राजवळ ठेवला होता."

"गंज चढलाय. गंज वॉरंटीत बसत नाही."

मी वॉरंटीचं कार्ड पहिल्यांदाच नीट वाचलं. गंज, पाणी, कीटक, विजेचा कमीजास्त दाब आणि वाकलेल्या पिना, एवढं सोडून सगळं वॉरंटीत होतं. रत्नागिरीत गंज, पाणी, कीटक आणि विजेचा कमीजास्त दाब एवढं सोडून दुसरं काही होतच नाही. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, सायकल गंजते, बंद कपाटातली स्टेपलरची पिनसुद्धा गंजते. बोर्ड तेवढा कोरडा ठणठणीत राहावा अशी कंपनीची अपेक्षा. मी त्या मुलाशी वाद घातला नाही. त्याचा पगार 'नाही' म्हणण्याचा होता आणि तो मन लावून काम करत होता.

म्हणजे नवीन बोर्ड घेणं आलं. पतसंस्थेत कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागतात, मग दहाएक हजारांच्या बोर्डाला निदान एक तरी नको?

पुतण्या हिंजवडीत असतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, कंपनी बघू नका, व्हीआरएम बघा." मी म्हटलं, "तो कुठे भेटेल?" मग त्याने शांतपणे समजावलं. पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. मधलं उतरवून देण्याचं काम बोर्डावरचं व्हीआरएम करतं. व्होल्ट उतरले की अँपिअर वाढतात. मोठ्या प्रोसेसरने जोर लावला की शंभर-सव्वाशे अँपिअर त्या नखाएवढ्या तुकड्यात जातात. आमच्या अख्ख्या घराचा मेन स्विच ३२ अँपिअरचा आहे! मला एकदम त्या बोर्डाची दया आली. हे ओझं वाटून घ्यायला टप्पे असतात, त्यांना फेज म्हणतात. जितके फेज जास्त, तितकं एकेकावर ओझं कमी आणि तापणंही कमी. "चौदा फेजचा घ्या," पुतण्या म्हणाला. मी विचारलं, "लग्नपत्रिकेला किती फेज लागतील?" पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाला, "तसं बघितलं तर सहा पुरतील. पण काका, घेतोच आहोत तर..." हे 'घेतोच आहोत तर' मी ओळखून आहे. याच वाक्यावर आमच्याकडे चार खोल्यांचं घर झालं आणि त्यातली एक खोली अजून बिनगिलाव्याची आहे.

पुतण्याने बोर्डांच्या डब्यांचे फोटो पाठवले. एकावर लष्करी दर्जाचे सुटे भाग असल्याचं लिहिलेलं, दुसऱ्यावर वाघाचे पंजे, तिसऱ्याच्या कडांना रंगीत दिवे. बोर्डाला दिवे कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. बोर्ड सुंदर दिसतोय म्हणून जास्त टिकत नाही. चौथ्या डब्यावर मात्र कामाचं दिसलं: कपॅसिटर १०५ अंशांवर १०,००० तास. मी कॅल्क्युलेटर काढला. अहवाल जुळवून जुळवून हात त्याच्याकडेच जातो. १०,००० तास म्हणजे ४१६ दिवस. सव्वा वर्षसुद्धा नाही आणि हे लोक ते छातीठोकपणे डब्यावर छापतात! पुतण्या म्हणाला, "काका, ते १०५ अंशांवर. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं." साध्या, २,००० तासांच्या कपॅसिटरचा हिशेब मांडला. १०५ला २,०००, ९५ला ४,०००, ८५ला ८,०००, ७५ला १६,०००, ६५ला ३२,०००. म्हणजे रात्रंदिवस चालवला तरी साडेतीन वर्षांच्या वर गेला. मुदत ठेवीचा इतका गोड तक्ता मी आजवर एकाही पतसंस्थेच्या अहवालात छापलेला नाही.

पण तक्ता खरा ठरायला आत भरलेलं द्रव्य खरं लागतं. २००० सालाच्या आसपास काही तैवानी कारखान्यांनी कपॅसिटरमध्ये भलतंच द्रव्य भरलं. आत वायू धरायचा, डोकं फुगायचं, डोक्यावरच्या फुलीसारख्या खाचेतून तपकिरी रस बाहेर यायचा आणि बोर्ड एक-दोन वर्षांत आटपायचा. जपानी पाककृती अर्धवट चोरल्यामुळे हे झालं अशी एक वदंता होती. सिद्ध काही झालं नाही, पण चोराने कृतीचं शेवटचं पान विसरावं ही कल्पना मला आवडते. खटल्याच्या कागदपत्रांवरून न्यूयॉर्क टाइम्सने २०१० साली छापलं, की मे २००३ ते जुलै २००५ या काळात एकट्या डेल कंपनीने खराब कपॅसिटरमुळे बिघडण्याचा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले. त्याच बातमीतली एक गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडायला लागले, तेव्हा कंपनीने तपास करून निदान केलं, की विभागाने त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेतली! गणित विभागाने! गंमत म्हणजे कंपनीची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या वकिलांच्या कचेरीतले हजारभर संगणकही त्याच संशयित फळीतले होते आणि ते दुरुस्त करून द्यायलाही कंपनी कां कूं करत होती. मला कोल्हापूरचा तो मुलगा आठवला. त्याने निदान लग्नपत्रिका अवघड असल्याचं म्हटलं नव्हतं.

एवढा इतिहास कळल्यावर कंपनीच्या नावावर विसंबणं कठीण. २०११च्या जानेवारीत खुद्द इंटेलला आपल्या नव्या चिपसेटमधला दोष जाहीर करावा लागला. डिस्क जोडायच्या सहा तोंडांपैकी चार काळाच्या ओघात मंदावण्याची शक्यता होती. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च त्यांनी सुमारे ७० कोटी डॉलर धरला. तिथे मी काय भिंग घेऊन बघणार?

शेवटी गाठला रिपेरवाला. एसटी स्टँडच्या मागे चार फुटांचा गाळा, भिंतीवर मेलेले बोर्ड टांगलेले. मी भक्तिभावाने विचारलं, "कुठला घेऊ?" त्याने एका प्रसिद्ध कंपनीचं नाव घेऊन सांगितलं, "हा सोडून कुठलाही. माझ्याकडे येणाऱ्या दहात सहा हेच." मी मान डोलावून निघालो, पण आयुष्यभर टक्केवाऱ्या जुळवल्याचा परिणाम, दोन पावलांवर थांबलो. "गावात विकले जातात कुठले?" "दहात सात हेच." म्हणजे विक्रीत सत्तर टक्के आणि बिघाडात साठ टक्के. बाकीचे तीन विकले जातात आणि त्यांतून चार आजारी पडून येतात. मी हिशेब समजावून सांगितला. तो सोल्डरिंग आयर्न स्पंजवर पुसत म्हणाला, "भाऊ, मला विकलेले दिसत नाहीत, बिघडलेले दिसतात. आणि खरं विचाराल तर बोर्ड कुठला ते नंतर. आधी घर बघू या."

त्याने दुकान बंद केलं आणि खरोखर घरी आला. टेस्टर काढून माझ्या संगणकाच्या पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा पेटला. "झिणझिण्या येतात का?" मी म्हटलं, "येतात, पण मला वाटलं वय झालं." अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो, हे त्याने सांगितलं. प्रवाह अगदी बारीक, माणूस मरत नाही, पण प्रिंटरची वायर जोडताना तोच प्रवाह बोर्डातून वाट काढतो. प्लगची तिसरी पिन आमच्या भिंतीत शोभेला होती.

कोकणात अर्थिंग ही सोपी गोष्ट नव्हे. घर जांभ्याच्या कातळावर. वायरमनने पहारीने सुरुवात केली, मग ब्रेकर मागवला. खड्ड्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं, वर तोंडाला फरशीचा तुकडा. पावसाळ्यात काही बघायला नको, पण चैत्र-वैशाखात कातळ वाळतो आणि अर्थिंग कामातून जातं, म्हणून रोज थोडं पाणी घाला, असं बजावून तो गेला. तेव्हापासून ही सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या अर्थिंगला घालते. शेजारच्या आजींनी हे काही दिवस पाहिलं आणि एकदा हलक्या आवाजात विचारलं, "हे कुठलं गो स्थान?" हिने सांगितलं, "ह्यांच्या कॉम्प्युटरचं." आजींनी जाता जाता हात जोडले.

बोर्ड मी गावातल्याच दुकानातून घेतला. ऑनलाइन सात-आठशे रुपयांनी स्वस्त होता. पण गावातला दुकानदार बिघडलेला बोर्ड स्वतः सर्व्हिस सेंटरला पाठवतो आणि त्याच्याशी भांडायला घाट उतरावा-चढावा लागत नाही. हे सात-आठशे रुपये मला मुळीच जड वाटले नाहीत. बोर्ड आठ फेजचा, बिनदिव्याचा. प्रोसेसरच्या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण दुकानदाराने काढलं आणि मी खिशातून छपाईचे ठिपके तपासायचं भिंग काढलं. आत १,७०० पिना, केसासारख्या बारीक, साऱ्या ओळीने झुकलेल्या. एखादी वाकडी असेल तर उजेड तिच्यावर वेगळा चमकतो, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ओळीतला चुकलेला अनुस्वार असाच दिसतो. दुकानदाराने आपल्या मोबाइलवर पिनांचा फोटो घेतला, मी माझ्या मोबाइलवर घेतला. मग त्याने फोटो घेताना माझा फोटो घेतला. तो कशाला, हे मी विचारलं नाही.

रात्री पुतण्याचा फोन. "काका, प्रोसेसर कुठल्या पिढीचा?" मी म्हटलं, तेराव्या. "मग बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अपडेट करा, आजच." इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले बरेच प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःला खराब करून घेत होते; ऑगस्ट २०२४मध्ये त्यावरचा उपाय आला तो बायोसमधूनच. "पण," पुतण्या म्हणाला, "अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये. गेली तर बोर्ड जाऊ शकतो." बाहेर पाऊस कोसळत होता. माझ्या यूपीएसची बॅटरी मायक्रोसॉफ्ट वर्ड बंद करण्यापुरतीच टिकते. मी वायरमनला फोन लावला.

"दहा मिनिटं लाईट राहील का?"

"दहा मिनिटं कशाला हवीत?"

"बायोस अपडेट करायचंय."

"ते काय असतं ते मला ठाऊक नाय. मी आत्ता तुमच्याच डीपीपाशी उभा आहे, फ्यूज काढायचाय. तुमचं आटपून घ्या, झालं की मिस्ड कॉल द्या. पण बेगीन करा, पाऊस मरणाचा आहे."

मी बटण दाबलं. पट्टी पासष्ट टक्क्यांवर आली आणि फोन वाजला.

"झालं काय हो?"