हप्ता की हाफ इंजिन

कोल्हापूर ते पुणे हे अंतर रस्त्यानं साधारण 230 किलोमीटर. वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस सव्वापाच तासांत पोचवते आणि खाणं-पिणं जागेवर येतं. एसटीत ते खाली उतरून करावं लागतं. मी गेलो ते तिसऱ्याच वाहनानं. मागं दहा टन गूळ, गुळावर ताडपत्री, पुढं 1998 सालचा ट्रक आणि ट्रकमध्ये आमचे दाजी. या वाहनात खाण्यापिण्याला उतरावं लागतंच, शिवाय टॉर्च धरायलाही उतरावं लागतं.

पाठवलं अक्कानं. "ह्यांचं वय बासष्ट, गाडीचं सत्तावीस. दोघांतलं एक तरी नवं पायजे. आनि नवरा काय शोरूममधी मिळत न्हाई," असं तिनं फोनवर सांगितलं. रिटायर व्हायच्या आधी एकदा नवी गाडी घ्या, हा तिचा धोशा वर्षभर चाललेला. घरात विषय निघाला की दाजी उठून गाडीला ग्रीस मारायला जातात. "तू बँकेतला. गणित घालून दाव. चालत्या गाडीतनं उतरून जातील कुठं?"

मी कर्जखात्यात जन्म काढलाय आणि येत्या मार्चअखेर स्वतःच निवृत्त होतोय, म्हणजे विषयाच्या दोन्ही बाजू मला पाठ. वहीत सगळं मांडून नेलं होतं. नवा दोन आसांचा ट्रक बॉडीसकट तीस लाखांच्या घरात. घरचे सहा घातले तर कर्ज चोवीस लाख. दहा टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर हप्ता 51 हजारांच्या आसपास. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये ट्रकवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलेला. जुनी गाडी रीतसर भंगारात दिली तर नवीच्या करात सवलत. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. बँकेत दोन रेघा मारल्या की समोरचा सही करतो.

शाहू मार्केट यार्डात गूळ भरणं चाललं होतं. वाराई, म्हणजे माल चढवायची हमाली, कुणी द्यायची, मालवाल्यानं की गाडीवाल्यानं, यावर नेहमीचा वाद होऊन तो नेहमीसारखा गाडीवाल्याच्या अंगावर आला. मी नव्या गाडीचा विषय काढायला आणि गुळाभोवती मुंगळे जमावेत तशी माणसं जमायला गाठ पडली. हुंडेकरी नव्याच्या बाजूचा. दोन आसांच्या गाडीला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, त्यामुळे दाजींना बेळगावचंसुद्धा भाडं देता येत नाही, ही त्याची तक्रार. टायरवाला जुन्याच्या बाजूचा. नवी गाडी सहा टायर घालूनच येते आणि मग दोन वर्षं तिकडं फिरकत नाही. गॅरेजवाल्यानं तर दाजींच्या खांद्यावर हात ठेवून "हाफ इंजिन करू मालक, आनि दहा वर्षं बघाय नको" असं सांगितलं. हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून झिजलेले भाग तेवढे बदलणं. त्याच्या पोरीचं लग्न त्या वर्षी ठरलेलं आहे ही माहिती मला क्लीनरनं नंतर दिली. भंगारवाला काही बोलला नाही. त्यानं नुसती गाडीभोवती एक फेरी मारली.

गाडीच्या कपाळावर पूर्वी नॅशनल परमिट लिहिलेलं होतं. त्यावर आता निळा रंग आहे. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' होतं. 2015 मध्ये परिवहन खात्यानं ते लिहायला बंदी केल्यावर दाजींनी इमानदारीत त्यावरही रंग मारला, पण जुन्या अक्षरांचा थर इतका जाड, की मागच्या गाडीचा दिवा पडला की मजकूर पुन्हा उठून दिसतो आणि लोक हॉर्न वाजवतात.

केबिनमध्ये निम्मं इंजिन आत असतं. त्यावर अक्कानं शिवलेली वाकळ, वाकळीवर क्लीनर, आणि पलीकडच्या बाकावर मी. दाजींच्या डाव्या हाताला इंजिन असल्यामुळे त्यांचा डावा कान गेली काही वर्षं फक्त इंजिनाचं ऐकतो. मी बसलो होतो डावीकडंच. म्हणजे अक्काचा बेत गाडी तावडे हॉटेलच्या चौकात वळायच्या आतच निम्मा निकालात निघाला.

शिरोली मागं पडली. महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्यानं रस्ता कधी डावीकडं जायचा, कधी उजवीकडं, कधी कुठंच. दाजींचा काटा चाळीसवर. काटा म्हणजे अंदाज, कारण स्पीडोमीटरचा काटा कायमचा वीसवर आहे. "चाळीसला हिचा आरसा थरथरतोय, पंचावन्नला दार वाजतंय. त्याच्यापुढं मी कधी गेलो न्हाई," दाजींनी सांगितलं. किणी टोलला फास्टॅगनं एका झटक्यात पैसे घेतले. सबंध गाडीत नवीन म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू, आणि तिचं काम पैसे जाण्याचं.

पेठ नाक्याला अख्खा मसूर खायला थांबलो. ढाब्यावर इंजिन बंद असल्यानं मी वही काढली आणि दाजींच्या उजवीकडं बसलो. दाजींनी भाकरी मोडत सगळं ऐकून घेतलं. हप्ता ऐकला, सवलत ऐकली, डिझेलमधली बचत ऐकली. मग म्हणाले, "पावणं, आमच्या वडलांकडं मर्सिडीज हुती."

हे खोटं नाही. 1954 पासून 1969 पर्यंत जमशेदपूरच्या कारखान्यात टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचे ट्रक भागीदारीत बनत आणि त्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. तसला एक ट्रक दाजींच्या वडिलांनी जुनाच घेतला आणि म्हातारा होईपर्यंत चालवला. "चांदणी पडून गेली, पर गाडी पडली न्हाई. आनि वडील रिटायर कवा झालं? गाडी इकली त्या दिवशी. त्यास्नी कुणी वही दावली न्हाई."

"पण दाजी, हिला खर्च किती!" मी म्हणालो. "दरसाल फिटनेस. पंधरा वर्षांवरच्या अवजड गाडीला 2022 च्या एप्रिलपासून त्याची फी 12,500 झाली, पुढं आणखी वाढली. पर्यावरण कर वेगळा. पाटे, लायनर, टायर..."

"वरसाचं हुतंय किती?"

माझ्या अंदाजानं पावणेदोन-दोन लाख होत होते.

"आनि तुमचा हप्ता?"

"51 गुणिले बारा. सहा लाख बारा हजार."

"पाच वरसं?"

"पाच."

"बासष्ट आनि पाच, सदुसष्ट." दाजींनी मसुराची वाटी पुसून घेतली. "म्हंजी लवकर रिटायर व्हायसाठी मी सदुसष्टापतूर गाडी मारायची. ही बंद पडली तर माझा एक दिस जातोय. तुमची चालू असली तरी रोज मारावी लागंल."

ड्रायव्हर ठेवायचं सुचवलं. चांगला ड्रायव्हर आता नवऱ्या मुलाला मुलगी मिळण्यापेक्षा दुर्मीळ झालाय हे ढाब्यावरच्या तिघांनी एकदम सांगितलं. मिळालाच तरी घरात बसून मोबाईलवर आपल्याच गाडीचा ठिपका बघत बसायचं, हे दाजींना मंजूर नव्हतं. ठिपका कऱ्हाडला थांबला तर का थांबला ते ठिपका सांगत नाही.

कऱ्हाड ओलांडलं, तासवड्याचा टोल गेला. उंब्रजच्या पुढं दाजींनी मान डावीकडं वाकवली. मला वाटलं, माझं ऐकताहेत. ते इंजिनाचं ऐकत होते. "हिला दम लागाय लागलाय," असं म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तिनं दोन आचके देऊन प्राण सोडला. क्लीनरनं मागं दगड मांडले, झाडाची फांदी तोडून खोचली. डिझेलच्या लाइनीनं हवा धरली होती.

हे काम मला फार आवडलं, कारण त्यात माझ्याकडं फक्त टॉर्च होता. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, फीडपंपाचं हँडल दाबत राहायचं. आधी फेस येतो. फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. पण हवा शिरली कुठून, हे शोधण्यात खरी मेहनत. ती एका झिजलेल्या तांब्याच्या वायसरातून शिरत होती. दाजींच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या मापाचं वायसर होतं. त्या डब्यात मला गेल्या तीस वर्षांत बंद पडलेल्या बहुतेक वस्तूंचे अवशेष दिसले. हात लागलाय तर टाकीचा सांधा पाझरतो तिथं त्यांनी कपड्याचा साबण दाबून भरला. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. अक्काच्या मोरीतला साबण पंधरवड्यात का संपतो, हे कोडं तिथं सुटलं.

आमच्या पुढं पन्नास पावलांवर एक कोरा ट्रक उभा होता. त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला होता आणि गाडीनं स्वतःहून आपला जोर कमी केला होता. सोलापूरकडचा तरणा ड्रायव्हर कंपनीच्या सर्व्हिस गाडीची वाट बघत पडला होता. "युरियाचं काय तर झालंय," तो म्हणाला.

"युरिया?" दाजी चमकले. त्यांची दोन एकर ऊसशेती आहे. "गाडीला युरिया घालताय?"

2020 च्या एप्रिलपासून ज्या बीएस-6 गाड्या आल्या, त्यांतल्या मोठ्या ट्रकांच्या धुरावर युरियाचं पाणी फवारावं लागतं, विषारी वायू कमी होतो, ते संपलं किंवा त्याचा दर्जा बिघडला की गाडी अडून बसते, हे मी समजावलं. "मग उसाचंबी तसंच हाय," दाजी म्हणाले. "युरिया न्हाई म्हटल्यावर तोबी अडून बसतोय. फक्त त्याला दिवा नसतो."

ड्रायव्हरनं आम्हाला वर बोलावलं. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यातलीच ही एक. आत शिरल्यावर माझ्या वहीतल्या दोन रेघा पुन्हा ठळक झाल्या. आवाज नाही, उकाडा नाही, सीट खाली-वर होते, मागं झोपायला गादी. आमचा क्लीनर गादीवर बसला तो हाक मारूनही लवकर उतरला नाही. दाजी मात्र खालीच. "पुढचं उघडून दाव की," म्हणाले. ड्रायव्हरनं जाळी उचलून दाखवली. आत वायरी, नळ्या, खोकी, खोक्यांवर मोहोर. दाजींनी बराच वेळ बघितलं. "ह्यात पान्हा कुठं लावायचा?"

"पान्हा नाही, काका. लॅपटॉप लावतात."

दाजी परत निघाले, पण मध्येच वळले. "दोनी कानांनी ऐकू येतंय का रं तुला?"

"येतंय की."

"मग बरं हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर साताऱ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत आणि मीही वही उघडली नाही.

आनेवाडी, सुरूर, आणि मग खंबाटकी. पुण्याकडं जाताना बोगदा लागतो. शेजारी नव्या बोगद्यांचं काम तेव्हा चालू होतं, पण आमच्या वाट्याला जुनाच. चढाला दाजींनी गिअर पाडला. इंजिन असं तापलं की वाकळीवरचा क्लीनर माझ्या मांडीवर आला. मागून गाड्या दिवे मारत होत्या, फाळक्यावरचा मजकूर उजळत होता आणि सगळे आज्ञाधारकपणे हॉर्न वाजवत होते. दाजींना निम्मेच ऐकू येत असल्यानं त्यांना त्याचा त्रास नव्हता.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. वर्तमानपत्रांत त्याचं नाव कधीच चांगल्या बातमीत येत नाही. डिझेल वाचवायला काही जण इथं गाडी न्यूट्रलला टाकतात. दाजी उतरताना खालच्याच गिअरमध्ये राहिले, एक डोळा हवेच्या प्रेशरवर. "गिअरात असली की इंजिनच गाडीला धरून ठेवतंय. न्यूट्रल मारली की सगळा भार ब्रेकावर, आनि ब्रेक तापलं की ते धरत न्हाईत. दहा रुपयाचं डिझेल वाचवायचं आनि दहा टन गूळ कुणाच्या तरी दारात ओतायचा?" मी मागं वळून गुळाकडं बघितलं. ताडपत्री जागेवर होती.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचलो तेव्हा हमाल चूळ भरत होते. अक्काचा फोन आला. दाजी स्टिअरिंगवर होते, मी फोन स्पीकरवर टाकला.

"काय ठरलं?"

"अक्का, हप्ता नको म्हणतात. हाफ इंजिन करायचं, दोन वर्षं चालवायची, मग भंगारात. आणि मग घरी."

पलीकडं थोडी शांतता. मग अक्का फुटली. "घरी? घरी कुणी बोलावलंय त्यास्नी? लॉकडाउनात काही दिस घरी हुते तर मिक्सर खोलला, पंखा खोलला, शिलाई मशीन खोललं. मिक्सरमधनं अजून ग्रीसचा वास येतोय चटणीला! अरे, हप्ता असला म्हंजी मानूस बाहेर ऱ्हातंय. म्हणून तर पाच वरसांचं कर्ज बघ म्हणत हुते, जमलं तर सात."

फोन दाजींच्या डाव्या अंगाला होता आणि इंजिन चालू होतं.

"काय म्हंती?" त्यांनी विचारलं.

"जपून या म्हणते."

"मायाळू हाय," दाजी म्हणाले.

ताडपत्री सुटली, रवे उतरायला लागले. क्लीनर खाली मान घालून दाजींसमोर उभा राहिला. उंब्रजच्या पुढच्या त्या ड्रायव्हरनं त्याला नंबर दिला होता. त्यांच्याकडं हेल्पर हवा होता, एसीत. दाजींनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. खिशातून मोजून पैसे दिले, वर शंभराची एक नोट ठेवली आणि कान सांभाळ म्हणून सांगितलं. मग डब्याचं झाकण लावता लावता माझ्याकडं वळले.

"मार्चनंतर तुमी काय करनार, पावणं?"

मी म्हणालो, अजून ठरलं नाही.

"टॉर्च बरा धरताय. पगार न्हाई, पर चहा गाडीचा."