घाऊक माफी

आमच्या घराण्यात माफी घाऊक मिळते. किरकोळ विक्री बंद आहे. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेलं असतं, की नजरचुकीने आमंत्रण राहून गेल्यास हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं. ज्याला पत्रिकाच पोचली नाही, त्याने हे कुठे वाचायचं? मुलगी सासरी निघाली की वधूपिता हात जोडतो, "काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला." ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण त्याच क्षणी कोणी "शेवटच्या पंगतीला मठ्ठा पोचला नाही हो" म्हणून बघावं. जोडलेले हात सुटतात, मठ्ठा केटररवर जातो, केटरर तो वाढप्यावर ढकलतो आणि वाढपी केव्हाच टेम्पोत बसलेला असतो.

संक्रांतीची सोय तर फारच छान. चौदा जानेवारीच्या आसपास कोणीही कोणाच्याही दारात जाऊन गोड बोलायला सांगू शकतं. आधी कडू कोण बोललं होतं, हा विषयच निघत नाही. एका मुंजीतल्या मानाच्या साडीवरून माझ्या दोन काकूंचं बिनसलं. तेव्हापासून दर संक्रांतीला थोरल्या काकू हलवा घेऊन येतात. धाकट्या काकू तो खातात, थोरल्या काकूंची पाठ वळली की म्हणतात, "बोलले बाई गोड. साडीचं काय?"

आमच्या जैन शेजारणीचं 'मिच्छामी दुक्कडं'सुद्धा घाऊकच, पण संवत्सरीला ती दाराशी येऊन, डोळ्यांत बघून म्हणते. तेच मग आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होतं, आणि ते पाठवणाऱ्या मामांनी सख्ख्या भावाला ब्लॉक केलेलं असतं.

नवऱ्याची माफी वस्तुरूपात येते. सौम्य अपराधाला बटाटेवडे. जरा गंभीर असेल तर रविवारी सकाळी तो न बोलता शिडी काढतो आणि पंखे पुसतो. मी शिडी धरते आणि ह्याने नेमकं काय केलं असेल ते आठवत बसते. मागे घरातले सगळे पंखे पुसून झाल्यावर तो एक्झॉस्ट फॅनकडे वळला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली कायदाच केला, की माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली असं कोर्टाने धरायचं नाही. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने पेपर खाली ठेवला. "आपल्याकडे कधी लागू होणार?" म्हणाला. त्याचंही खरं आहे. आमच्या घरी 'सॉरी' म्हटल्याने भांडण मिटत नाही, पुढच्या भांडणात ते पुरावा म्हणून दाखल होतं, आणि दप्तर माझ्याकडे असतं.

तरी समस्त नवरेमंडळींना एक विनंती. पंखे जरूर पुसा. फक्त कशाबद्दल पुसताय, ते वर असतानाच सांगून टाका. शिडी आम्ही धरलेली असते.