पावतीवाले काका

काका वस्तू वापरायला घेत नाहीत, वॉरंटीच्या मुदतीत तिच्यावर पाळत ठेवायला घेतात. पावतीवरची शाई उडते म्हणून तिची झेरॉक्स कपाटात, आणि प्रत्येक खोका थर्माकोलसकट माळ्यावर. फराळाच्या डब्यांना तिथे जागा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं एक कलम त्यांना रामरक्षेसारखं पाठ आहे: पावतीवर मुदत लिहिली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दिसली की काका त्या दुकानात शिरतातच. काही घ्यायचं नसलं तरी.

नवा मिक्सर इडलीचं पीठ वाटताना घुर्रर्र करून गप्प झाला, तेव्हा काकूंचा चेहरा पडला आणि काकांचा उजळला. पावती घेऊन ते तडक दुकानात. कलमांच्या माऱ्यात मिक्सरला नेमकं झालंय काय, हे विचारायला मालकाला सवडच मिळाली नाही. “उद्या घेऊन या, नवा देतो,” म्हणून त्याने हात जोडले.

रात्री काकूंनी सहज बटण फिरवलं आणि मिक्सर भर्रकन सुरू झाला.

“बंद कर! आधी बंद कर!”

“अहो, चालतोय.”

“म्हणूनच म्हणतोय!”

काकांना झोप नाही. चालता मिक्सर बिघडलेला म्हणून द्यायचा, तर ती लबाडी. ठेवून घ्यावा, तर मेला नेमका एकतिसाव्या दिवशी बसणार. आणि आज सुधारला म्हणून सकाळचा दोष माफ होतो का? “द्या आणि नवा आणा, कोण विचारतंय,” काकू कूस बदलत म्हणाल्या. पण काकांच्या डोळ्यांसमोर ते अनोळखी गिऱ्हाईक उभं होतं, ज्याच्या गळ्यात हाच मिक्सर मारला जाणार. माझ्या मते एवढा एकच मुद्दा खरा. बाकी सगळं कलमांचं कौतुक.

सकाळी काकांनी मालकाला खरं ते सांगून टाकलं. “चालतोय. पण संशयास्पद चालतोय.”

मालकाने मिक्सर उलटा केला आणि तळाचं लाल बटण दाखवलं. “भांडं ठासून भरलं, मोटरवर लोड आला, की हे सुटतं. थोडं थांबून दाबायचं.”

“आम्ही दाबलेलंच नाही!”

घरी चौकशी बसली. बटण सुनेने दाबलं होतं, काका दुकानात भांडत होते तेव्हा. तिला चटणी करायची होती. “मला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

मिक्सर घरातच राहिला. काका मात्र त्याला अजून निर्दोष मानत नाहीत. संशयाचा फायदा देऊन सोडलाय, म्हणतात.

तेव्हा मंडळी, मिक्सर बंद पडला तर आधी प्लग काढा, मोटर थंड होऊ द्या आणि तळाचं बटण दाबून पाहा. तरीही नाहीच चालला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. काकांना मात्र कळवू नका.