साइटवरचे गुरुजी

लग्नाच्या हॉलमध्ये सगळे नवरा-नवरीकडे बघत असताना एखादा माणूस मान वर करून बीमकडे बघत उभा असेल, मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या असतील आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून तो विचारत असेल, "मधे कॉलम न देता एवढा मोठा गाळा काढलाय, लोखंड किती गेलं असेल हो?" तर ओळखावं की याचं बांधकाम चालू आहे. हा माणूस कुठल्याही गावात सापडतो. खिशाला पेनाऐवजी टेप, चपलेला सिमेंट, मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा सळयांचे फोटो जास्त. 'काय, कसं काय?' म्हटलं तर तब्येतीचं सांगत नाही. "जोत्यापर्यंत आलंय," म्हणतो.

आमच्या कराडातला या जातीचा अस्सल नमुना म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं खडू झिजवला, निवृत्त झाले, फंडाची रक्कम खात्यावर पडली आणि त्याच आठवड्यात त्यांना गावाबाहेरचा तीन गुंठ्यांचा प्लॉट आठवला. पंधरा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेला हा प्लॉट तोवर एक बाभळ आणि शेजाऱ्याची म्हैस मिळून वापरत होती. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन झालं. "दिवाळी नव्या घरात," असं गुरुजींनी नारळ फोडता फोडता जाहीर केलं. कुठली दिवाळी, हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

'घर पाहावं बांधून' या म्हणीतलं 'पाहावं' म्हणजे करून बघावं, हे गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तो शब्द शब्दशः घेतला. बांधणारे बांधत होते, गुरुजी पाहत होते. सकाळी साडेसहापासून दिवेलागणीपर्यंत, बाभळीखाली निळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून.

माझा पहिला दौरा आखणीच्या दिवशीचा. "चला, घर दाखवतो," म्हणाले म्हणून मी स्कूटरवर मागं बसलो. गेलो तर मोकळं रान, चार खुंट्या, थोडी सुतळी आणि चुन्याच्या फक्कीच्या रेघा. मी आपला सरळ चालत निघालो, तसे गुरुजी ओरडले, "अहो, भिंतीतून कुठं चाललाय? दार इकडं आहे!" मी मागं फिरून दारातून आत आलो. हॉल पाहिला. आग्नेयेचं स्वयंपाकघर पाहिलं. ईशान्येला देवघर होतं, तिथं त्यांनी चपला काढायला लावल्या. तळपायात कुसळं घेऊन मी देवाला नमस्कार केला. ऊन मी म्हणत होतं म्हणून जरा बाजूला उकिडवा बसलो, तर म्हणाले, "तिथं नका बसू. संडास आहे तो."

मिस्त्री त्यांचाच विद्यार्थी निघाला. सातवीला गणितात नापास झालेला. त्यानं खुंटीला दोरी बांधली, एका बाजूनं तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूनं चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं माप बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली. "आला कोपरा गुण्यात," म्हणाला. गुरुजी हरखून गेले.

"अरे, हा तर पायथागोरसचा सिद्धांत! मग परीक्षेत का नाही लिहिलास?"

"परीक्षेत दोरी कुठं दिल्ती, गुरुजी?"

त्या दिवसापासून गुरुजी मिस्त्रीला 'अहो मिस्त्री' म्हणू लागले.

आमची जमीन नदीकाठची, काळी. ऊस झकास येतो, पण घराला ती बरी नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली भिंतही तिच्यासारखीच वागायला लागते. त्यामुळं पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. गुरुजी खड्ड्याच्या कडेला उभे राहून फुटाफुटानं बातमी द्यायचे. चार फूट, काळी. पाच फूट, काळीच. सहाव्या फुटाला कुदळीचा आवाज बदलला आणि पिवळा मुरूम वर आला. गुरुजींनी तो चिमटीत धरून असा पाहिला, की मला वाटलं आता कपाळाला लावतात. बिगाऱ्यांना पेढे वाटले. त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला आणि सकाळी सगळे खड्डे तुडुंब. गुरुजींनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पाया भरला.' जर्मनीतल्या मुलानं अभिनंदनाचे तीन अंगठे पाठवले.

हा ग्रुप म्हणजे वेगळंच प्रकरण. मुलगा, सून, पुण्याची मुलगी, जावई, गुरुजींची बायको म्हणजे आमच्या काकू, अशा सगळ्यांना रोज संध्याकाळी सहा फोटो. सहाही एकाच कोनातून. एकदा मुलानं धीर करून विचारलं, "बाबा, कालच्या आणि आजच्या फोटोत फरक काय?" गुरुजींनी उत्तर दिलं, "नीट निरीक्षण करून तूच सांग." जर्मनीत रात्र जागून त्या पोरानं दोन फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा त्याला डावीकडून तिसऱ्या कॉलमला चार रिंगा जास्त दिसल्या. "शाब्बास," असं उत्तर आलं.

रिंगांवरून आठवलं. कॉलमच्या उभ्या सळयांना जे चौकोनी वेढे घालतात, त्या या रिंगा. त्यांचं टोक १३५ अंशात आत वळवायचं, म्हणजे आकडा काँक्रीटच्या गाभ्यात रुततो. ९० अंशातच सोडलं तर जोराच्या धक्क्यात रिंग उघडते आणि सळया मोकळ्या होतात. हे गुरुजींनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन साइटवर हजर झाले. खुर्चीत बसून एकेक रिंग मांडीवर घ्यायची, कोन मोजायचा. "हा बघा ११०. नापास." नापासांचा ढीग वेगळा. बार बेंडिंगवाला वैतागला. "गुरुजी, हे घर हाय का धरण?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांचा जन्म पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. आईनं गोधडीसकट उचलून अंगणात आणलं आणि पाठीमागं मातीची भिंत बसली. "मला यातलं काही आठवत नाही," असं ते आधीच सांगून टाकतात, आणि मग सगळं आठवत असल्यासारखं सांगतात. गोधडीचा रंगसुद्धा. ते सांगून झाल्यावर मिस्त्री काही न बोलता नापासांच्या ढिगापाशी बसला आणि एकेक आकडा पुन्हा वळवू लागला. कॉलम-बीमच्या जोडाजवळ रिंगा चार चार इंचांवर आल्या. त्यावर पुन्हा कुणी विनोद केला नाही.

बाकी सगळ्यावर केले. गुरुजींकडं एक वही होती. सुरुवातीला साठ पानी, मग दोनशे पानी, आणि प्लास्टरपर्यंत तिचं रजिस्टर झालं. लोखंडाचा ट्रक आला की गुरुजी सळईच्या जाडीचा मिलिमीटरमध्ये वर्ग करायचे आणि १६२ नं भागायचे. मीटरला किती किलो, ते निघतं. बारा एम.एम.ची बारा मीटर लांब सळई १० किलो ६६७ ग्रॅम भरली पाहिजे, हे त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला तोंडी गणित म्हणून घातलं. सिमेंटचं पोतं आलं की त्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचायचे. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं त्यांना शिळ्या भाकरीसारखं वाटे. वीट विटेवर वाजवून बघायचे. खणखणली तर पास, बद्‌ वाजली तर मागच्या बाकावर. वाळूची परीक्षा घरी व्हायची. काचेच्या ग्लासात वाळू, वर पाणी, ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वाळूवर गाळाचा थर किती बसला, ते पट्टीनं मोजायचं. पाहुण्यांच्या सेटमधले सहाही ग्लास ओट्यावर ओळीनं मांडलेले बघून काकू म्हणाल्या, "घर झाल्यावर पाणी कशातनं द्यायचं लोकांना? घमेल्यातनं?"

स्लॅबच्या आदल्या रात्री गुरुजी झोपले नाहीत. स्लॅब एका दमात व्हावा लागतो, मधे खंड पडला तर सांधा राहतो आणि पुढं तिथूनच गळतं. पहाटे मिक्सर धडधडायला लागला, पंचवीस माणसं घमेली फिरवू लागली. गुरुजी मिक्सरपाशी पाण्याची बादली धरून. पोत्यामागं २५ लिटर, अशी लाल रंगाची खूण त्यांनी बादलीच्या आत केलेली. पाणी जादा ओतलं की माल सरसर पसरतो, माणसांचे कष्ट वाचतात, पण काँक्रीटची ताकद जाते. त्यामुळं गुरुजींची पाठ वळली की एक तांब्या जादा, आणि पाठ वळेना म्हणून सगळे हैराण. दुपारी मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, त्यांस्नी जरा च्याला न्या की. हात जोडतो."

स्लॅबच्या दिवशी कामगारांना जेवण द्यायची पद्धत आहे, आणि आमच्याकडं स्लॅबचं जेवण म्हणजे मटण. गुरुजी माळकरी. त्यांनी मसालेभात आणि जिलबी सांगितली. मिस्त्री खिन्नपणे म्हणाला, "स्लॅब टिकंल, गुरुजी. माणसं टिकत न्हाईत." शेवटी तोडगा निघाला. मटण माझ्या घरी शिजलं. त्या दिवशीच्या वहीत सिमेंट, खडी, वाळू यांच्याखाली एक नोंद आहे: 'इतर साहित्य, आठ किलो.'

पुढचे २८ दिवस म्हणजे गुरुजींच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, हे मीही त्यांच्याकडूनच शिकलो. स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून वाफे केले, त्यात पाणी उभं केलं. मिस्त्री म्हणाला, चौदा दिवस पुरे. गुरुजी म्हणाले, काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशी मोजतात, तर परीक्षेपर्यंत अभ्यास चालू राहू दे. सकाळ-संध्याकाळ लुंगी खोचून पाइप घेऊन ते स्लॅबवर उभे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्यानं माडीवर भात लावलाय. कावळे अंघोळीला येऊ लागले. गुरुजींनी त्यांनाही हाकललं नाही. त्यांच्या मते पाणी जिरत नसल्याचा तो पुरावा होता.

मग मात्र वेग गेला. सांगाडा उभा राहीपर्यंत रोज काही तरी वाढताना दिसतं. गिलावा, वायरिंग, नळ, फरशी यांत महिने जातात आणि फोटोत काही येत नाही. प्लंबर आला की इलेक्ट्रिशियन नाही, दोघं आले की सुतार गावाला. 'फक्त फिनिशिंग राहिलंय' हे वाक्य गुरुजी महिनोन्‌महिने म्हणत होते. दिवाळी आली, गेली. सल्लागार वाढले. जिना उजवीकडून चढायला हवा होता, टाकी नैर्ऋत्येला हवी होती, असं प्रत्येक पाहुणा चहाबरोबर सांगून जायचा. बँक हप्ता सोडायच्या आधी काय काय झालंय ते बघायला माणूस पाठवायची. गुरुजी त्याला कोनमापकासकट अडीच तास घर दाखवायचे. दुसऱ्या वेळेपासून तो रस्त्यावरूनच 'झालंय, झालंय' म्हणून सही करू लागला.

सगळ्या घरात एकच गोष्ट एका दिवसात झाली आणि कुणालाही खटकली नाही. स्वयंपाकाचा ओटा. गुरुजी बँकेत गेले असताना मिस्त्रीनं काकूंना बोलावलं, "काकू, पोळ्या लाटतासा तसं हात धरा," म्हणाला, कोपराखाली खूण केली आणि ओटा बांधून टाकला. वहीत त्याची नोंद नाही.

दुसऱ्या वैशाखात वास्तुशांत झाली. पुरणपोळी खात लोक फिरत होते. "फरशी छान," म्हणत होते. "रंग छान," म्हणत होते. गुरुजींना फरशी दिसतच नव्हती, तिच्याखालचा कोबा दिसत होता. ते एकेका पाहुण्याला भिंतीपाशी नेऊन सांगत, "इथून आत अडीच इंचांवर पाइप आहे. खिळा मारायचा नाही." पाहुणे भिंतीपासून लांब उभे राहून जेवले.

महिन्याभरानं संध्याकाळी सहज गेलो. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. काकू ओट्याशी होत्या. "गुरुजी कुठायत?" "कुठं असणार? बसलेत बाहेर." बाहेर म्हणजे गेटच्याही बाहेर, रस्त्याच्या पलीकडं. बाभळीच्या एका फांदीची सावली जिथवर येत होती तिथं, सिमेंटच्या ठिपक्यांनी अर्धी पांढरी झालेली ती निळी खुर्ची. गुरुजी घराकडं तोंड करून बसले होते.

"अहो, एवढं घर बांधलं आणि इथं काय बसलाय?"

"आत बसलं की घर दिसत नाही हो," गुरुजी म्हणाले.

शेजारी एक घमेलं पालथं पडलं होतं. मी त्यावर टेकलो. अंधार पडत आला होता. काकूंनी स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि खिडकीचा चौकोन रस्त्यापर्यंत आला.

"बघा," गुरुजी हळूच म्हणाले, "माणसं राहायला आली."