ण बाणाचा

मराठी शाळेत मराठी शिकवणे हे वरवर सोपे काम आहे, कारण मूल पहिलीत येते तेव्हा ते मराठी बोलतच येते. अडचण इथूनच सुरू होते. गणिताच्या तासाला मूल निदान कोरे बसते. भाषेत मात्र ते पाच-सहा वर्षे रोज हट्ट करून, भांडून आणि चुगल्या सांगून तयार झालेले असते. कर्ता, कर्म, क्रियापद ही नावे त्याने ऐकलेली नसतात, पण 'बाई, याने माझी पेन्सिल घेतली' या वाक्यात कोणाला कुठे बसवायचे हे त्याला पक्के कळते. तीच भाषा त्याला नियमांसकट पुन्हा देणे, हे शाळेचे काम. (मेळघाटातल्या कोरकू किंवा धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला ती पुन्हा नव्हे, पहिल्यांदाच मिळते. त्या वर्गातली गंमत बाईंनाही येत नाही आणि मुलालाही नाही.)

आरंभ तक्त्याने होतो. प्रत्येक अक्षराखाली त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र असते. 'क कमळाचा'पासून गाडी सुरळीत चालते आणि ट-वर्गाच्या टोकाला अडते, कारण ण ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. म्हणून ण बाणाचा, आणि पुढे ळ बाळाचा. चित्रातल्या वस्तूच्या नावाचे पहिले अक्षर म्हणायचे ही युक्ती मुलाला नुकतीच साधलेली असते. ते बाणाकडे पाहून प्रामाणिकपणे 'ब' म्हणते आणि चुकते. ङ आणि ञ यांच्या चौकटीत तर बहुधा चित्रच नसते. क-वर्गाची आणि च-वर्गाची पटसंख्या भरावी म्हणून ही दोन अक्षरे हजेरीपटावर आहेत असे वाटते. जुन्या तक्त्यांत उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, ख खलाचा आणि औ औताचा असतो. ऐ शिकवायचा तर आधी ऐरण समजावायची, ऐरणीसाठी लोहार आणायचा, लोहारासाठी भाता. घंटा होते तेव्हा मुलांना लोहाराचा धंदा बराचसा समजलेला असतो आणि ऐ राहिलेला असतो.

वर्णमालेचा क्रम देखणा आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चार कसा पुढे सरकतो ते त्यात शिस्तीने मांडलेले आहे. ही शिस्त ध्वनिशास्त्रज्ञाच्या सोयीची; सहा वर्षांच्या मुलाला ङ पेक्षा 'मामा' लवकर लिहायचा असतो. म्हणूनच हातचलाखी म्हणून का होईना, शिक्षकांनी वळणाने सारखी अक्षरे एकत्र करून ग, म, भ, न पासून सुरुवात करण्याची वाट फार पूर्वी काढली. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक, भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनीही वाचन शिकवताना थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा हाती देऊन मुलाला लगेच शब्दांपर्यंत नेण्याचा मार्ग धरला. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने 'काका' लिहिणारे मूल पुढचा आठवडाही शाळेत येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

दरम्यान बाराखडीची चौदाखडी झाली. ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा मिळाली. बॅट आणि बॉल यांच्यावाचून महाराष्ट्रातले बालपण लिहिताच येत नसल्याने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

र हे अक्षर स्वतंत्र प्रकरण मागते. चक्रात तो पोटात तिरकी रेघ होऊन शिरतो, ट्रकच्या खाली छपरासारखा अडकतो, सूर्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि तऱ्हेत आडवा पडतो. यापैकी रफार विशेष फसवा. सूर्य म्हणताना र आधी ऐकू येतो, पण लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. मुलाने रफार सू वर दिला तर त्याने ऐकले तसे लिहिलेले असते, आणि नेमके त्याचेच गुण जातात. दर्यावर रफार दिला तर समुद्र होतो, दऱ्यात र आडवा घातला तर खोल खड्डे. लग्नाच्या पंगतीसाठी आचाऱ्यांना बोलवायचे आणि आचार्यांना बोलवायचे, यात जेवणाचा मोठा फरक पडतो. जोडाक्षरांची दहशत एवढी, की २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ संख्यानामांतल्या जोडाक्षरांकडेच बोट दाखवले गेले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. त्र्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव हे शब्द एकदा फळ्यावर लिहून पाहणाऱ्याला दोन्ही बाजू समजतात.

शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले, आणि शासनाने त्यांतले चौदा १९६२ मध्ये व आणखी चार १९७२ मध्ये स्वीकारले. त्यांनी मोठा उपकार केला तो अनुस्वारांचा. उच्चारात नसलेले टिंब लिहायचे नाही असे ठरल्यावर नांव, पांच, कांहीं यांच्या डोक्यावरचा भार उतरला. ज्या घरात त्याआधी शिकलेले पणजोबा अजून गृहपाठ तपासतात, तिथे मात्र ही टिंबे रात्री परत येतात आणि सकाळी शाळेत पुन्हा खोडली जातात.

ऱ्हस्व-दीर्घाचे तसे नाही. समजा, मुलाने 'मुल' लिहिले. बाई लाल पेनाने 'मूल' करून देतात, कारण शेवटी अकार असेल तर त्याआधीचा उकार दीर्घ. मूल हे मनावर घेते आणि दुसऱ्या दिवशी 'मूलाला' लिहिते. पुन्हा लाल रेघ. प्रत्यय लागला की तो उकार ऱ्हस्व. ठीक. मग गरीब, गरिबाला; वकील, वकिलाला; आणि त्याच चालीवर शरीर, शरिराला. तिसरी लाल रेघ. शरीर हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असल्याने त्याला हात लावायचा नाही. म्हणजे शब्द लिहिण्यापूर्वी आठ वर्षांच्या लेखकाने त्याची वंशावळ पाहून घ्यावी अशी अपेक्षा आहे. 'गुरू' एकटे असताना दीर्घ, मागे 'जी' लागला की ऱ्हस्व. विद्यार्थी दीर्घ, विद्यार्थिनी ऱ्हस्व. या सगळ्यात नियमाने वागणारा एकच पक्ष दिसतो, तो म्हणजे मूल. काल सांगितलेले ते आज काटेकोरपणे पाळते आणि म्हणूनच चुकते. उपाय म्हणून चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला सांगतात. चौथ्या वेळेपासून मूल शब्द सोडून उभ्या रांगांत अक्षरे भरू लागते, आधी सगळे श, मग सगळे री, आणि मधेच एखादी रि निसटली तर ती खालपर्यंत जाते.

शब्दसंपत्तीच्या तासाला समानार्थी शब्द येतात. पाण्याला जल, नीर, उदक, तोय, जीवन एका दमात सांगणारा विद्यार्थी तहान लागली की पाणीच मागतो, हे त्याच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण. खरी श्रीमंती समूहदर्शक शब्दांत आहे: भाकरींची चवड, नाण्यांची चळत, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, गवताची पेंढी, पोत्यांची थप्पी. मराठी माणसाने ढीग म्हणून कधी भागवले नाही. कशावर काय आणि कसे रचले आहे हे पाहून नाव दिले. पण ज्या घरी मोजक्या चार पोळ्या डब्यात येतात तिथे चवड दाखवायची कशी, आणि भाजीवाल्यालाही मोबाइलवरून पैसे जातात तिथे चळत कुठून आणायची? 'आंब्यांची ——' या रिकाम्या जागेत पुस्तकाला अढी हवी असते. रत्नागिरीचे मूल तिथे 'पेटी' लिहिते. भाव विचारला तर तोही सांगेल.

वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करायला सांगितला की दोन मार्ग संभवतात. साधा विद्यार्थी 'माझा कपाळमोक्ष झाला' असे लिहून त्याखाली सही करतो. हुशार विद्यार्थी 'बाईंनी आम्हाला कपाळमोक्ष होणे हा वाक्प्रचार शिकवला' असे लिहितो. त्याला गुण नाकारायला व्याकरणात आधार नाही.

व्याकरणात राम आंबा खातो. तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून खातो आहे की नंतर कधी बसला, हे गौण. आजही काळ बदला म्हटले की त्याने आंबा खाल्ला आणि तो आंबा खाईल. लिंगांचा तास जास्त रंगतो. दगड तो, वीट ती, ढेकूळ ते. यात कारण विचारायचे नसते, आणि मुले विचारतही नाहीत, कारण त्यांच्या तोंडात ते आधीपासूनच बरोबर असते. बिघडते ते 'लिंग ओळखा' असा प्रश्न छापल्यावर. ढेकर तो की ती, याबाबत व्याकरण उदार आहे आणि दोन्ही चालते. लिंग बदलताना मोराची लांडोर आणि बोक्याची भाटी पाठ करावी लागते, पण 'मावशी'समोर बरीच मुले 'काका' लिहितात. दिवाळीला घरी मावशीबरोबर तेच येतात.

राहिले वाचन. वर्गात ते एका सुरात चालते आणि ऐकणाऱ्याला फार आनंद देते. मधेच पुस्तक मिटायला सांगितले तरी वाचन अडत नाही, बोट चुकीच्या ओळीवर असले तरी अडत नाही. म्हणून 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने २००५ पासून 'असर'च्या पाहणीत मुलाला घरी गाठून, अनोळखी मजकूर हाती देऊन, एकेकट्याने वाचायला लावले: अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि मग दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट. ग्रामीण भारतात पाचवीतली साधारण निम्मीच मुले ती गोष्ट वाचू शकतात, असे या पाहण्या बरीच वर्षे सांगत आल्या आहेत.

वाचले ते समजले का, यासाठी खाली प्रश्न असतात. त्यांची रचना अशी, की समजण्याची गरज पडू नये. 'गुंबडा ठाकळीत झिपटला' हे वाक्य घेऊ. गुंबडा कोठे झिपटला? ठाकळीत. ठाकळीत कोण झिपटला? गुंबडा. दोन्ही उत्तरे बरोबर, दोन गुण. हे लक्षात आल्यावर पुस्तकांत 'तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न वाढवण्यात आला. त्याचे उत्तर दुकानात मिळणाऱ्या गाइडमध्ये छापलेले असते, आणि तपासताना वर्गातल्या सगळ्या मुलांचे स्वतःचे शब्द तंतोतंत तेच निघतात.