वारा फुकट, बाकी सगळं विकत

शिडाची बोट वाऱ्यावर चालते आणि वाऱ्याला पैसे पडत नाहीत, हा युक्तिवाद मुंबई बंदरात बोट बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने घरी कधी ना कधी करून पाहिलेला असतो. वाऱ्याचं बिल येत नाही हे खरंच आहे. बिल शीड शिवणाऱ्याचं येतं, दोराचं येतं, रंगाचं येतं, आणि वारा नसेल त्या दिवशी डिझेलचं येतं. आमच्या कप्तानांना कप्तान म्हणायचं, कारण बोट त्यांची. आम्ही उरलेले खलाशी, म्हणजे बिनपगारी. पगार घेणारा एकटा तांडेल. पावसाळा सरला की कप्तान एकेकाला फोन करून म्हणतात, "यंदा जरा लांब जाऊ या." त्याआधी खरवडायला यायचं आहे, हे त्यात न बोलता आलंच.

खरवडायचे असतात बार्नॅकल. बोट चार महिने पाण्यात नुसती उभी राहिली की तिच्या तळाला या पांढऱ्या, टणक, धारदार प्राण्यांची वसाहत होते. दिसायला शिंपल्याच्या जातीचे, पण नातं खेकडा-कोळंबीशी. लहानपणी हा प्राणी पाण्यात मोकळा पोहतो, मग एखादी जागा पसंत करतो, तिथे आपलं डोकं कायमचं चिकटवून टाकतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी तोंडात अन्न ढकलत काढतो. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घालवली. त्याच्या एका पोराने म्हणे शेजारच्या सद्गृहस्थांबद्दल विचारलं होतं, की ते आपले बार्नॅकल कुठे करतात? बाप म्हटला की त्याला हे काम असायचंच, अशी त्या पोराची समजूत. हे सगळं मी चिखलात उभा राहून तांडेलाला सांगितलं. त्याने पत्र्याचा खरवडणा न थांबवता विचारलं, "आठ वर्षांत खरवडले किती?"

चिखलात अशासाठी, की बोट पाण्याबाहेर काढायला क्रेन लागते आणि क्रेनला पैसे लागतात. समुद्र मात्र स्वतःच दिवसातून दोनदा बाजूला होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईचं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भरतीला बोट खाडीत आणायची, धक्क्याला टेकवून बांधायची, पाणी उतरलं की ती आपल्या तळाच्या जड कीलवर उभी राहते. तेवढ्या वेळात खरवडा, धुवा, वाळवा, रंगवा आणि पुढच्या भरतीला चालते व्हा. योजनेत खोट एकच. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती येते बाराच्या सुमाराला आणि ओहोटी सहाच्या. हे वर्षानुवर्षांचं वेळापत्रक आहे, त्यात सवलत नाही. त्यामुळे ऐन कामाच्या वेळी सूर्य मावळतो, आणि महागातला तांबेयुक्त रंग आम्ही कपाळाला विजेरी बांधून लावतो. या रंगाने बार्नॅकल दूर राहतात, असं डब्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी ते आमच्या बोटीपासून बरेच दूर राहिले. बहुधा डबा वाचून. पुढच्या वर्षी निरक्षर पिढी आली.

रंग झाला की इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक गोळा बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला एक झिजायला लागतो. पितळी पंखा झिजू नये म्हणून जस्ताने स्वतः झिजायचं. बोटीवर राबून अर्धं होणारं आणि तरी तक्रार न करणारं एवढं एकच आहे. कप्तान त्याचं उदाहरण आम्हाला देतात.

संडासाबद्दल न लिहिता शिडाच्या बोटीवर लिहिणारे लोक कधी बोटीवर राहिलेले नसावेत. कपाटाएवढ्या खोलीत एक भांडं, एक हातपंप आणि दोन झडपा. भांडं समुद्राच्या पातळीच्या खाली. आधी आत येणारी झडप उघडायची, मग बाहेर जाणारी, मग वीस हात पंप, मग कळ फिरवून आणखी दहा, मग दोन्ही झडपा बंद. क्रम चुकला तर भांड्यात समुद्र येतो, आणि समुद्राला कुठे थांबावं हे कळत नाही. कप्तानांनी दारावर मराठीत सात कलमी सूचना चिकटवली आहे. सातवं कलम जाड अक्षरात: 'बाहेर आल्यावर झडपा बंद केल्याचं मोठ्याने सांगावं.' त्यामुळे आमच्याकडे पाहुणे बाई असोत की निवृत्त न्यायाधीश, बाहेर येताना प्रत्येकाला आपलं निवेदन सर्वांसमोर करावं लागतं.

रविवारची गेटवे ते मांडवा ही आमची घरगुती फेरी. सकाळी वारा झोपलेला असतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा येतो आणि बोट कलते, मग सगळ्यांचे चेहरे उजळतात. संध्याकाळी वारा पडतो आणि ओहोटी लागते. मग अशी वेळ येते की शिडं फुगलेली, सुकाणू बरोबर, कप्तान ताठ, आणि ताजमहाल हॉटेल मात्र हळूहळू दूर जातंय. पाण्यातून आपण पुढे जात असतो, पण ते पाणीच आपल्याला घेऊन मागे चाललेलं असतं. शेजारून मांडव्याची फेरीबोट जाते. तिच्या वरच्या मजल्यावरून लोक वेफर्सची पुडी हातात धरून आमचे फोटो काढतात. फोटोत फार छान दिसतो आम्ही.

यंत्राच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यावी, असा नियम 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या पुस्तकात छापलेला आहे. त्याच पुस्तकात असंही आहे, की अरुंद खोल मार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडवू नये. मुंबई बंदरात सर्वांनी दुसरा नियम वाचलेला आहे आणि पहिला फक्त आमच्या कप्तानांनी. ते तो मोठ्याने म्हणतातही, पण भोंगा त्यांच्याकडे नसतो.

तर 'जरा लांब' म्हणजे गोवा. दोनशेहून थोडे जास्त सागरी मैल. आमची बोट साधारण वाऱ्यात पाच नॉट जाते, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. कोकणकन्या रात्री मुंबई सोडून दुसऱ्या सकाळी मडगावला टेकते. तेवढ्या वेळात आम्ही खांदेरीचा दीपस्तंभ ओलांडून, मुरूड-जंजिरा डावीकडे टाकून, पोटातलं सगळं बाहेर टाकून श्रीवर्धनच्या पुढे सरकलेलो असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि केबिनमधले डोळे सांगतात की नाही. या वादात निकाल पोटाने द्यायचा. ॲडमिरल नेल्सनलासुद्धा बोट लागत असे. हे वाक्य आमच्याकडे आळीपाळीने एकमेकांना ऐकवलं जातं, आणि ऐकणाऱ्याला त्या क्षणी नेल्सन आणि सांगणारा दोघेही नकोसे होतात. आलं, लिंबू, आवळासुपारी, क्षितिजाकडे बघणे, सगळं करून झालं. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे झाडाखाली बसणे.

रात्रीच्या पाळ्या तीन-तीन तासांच्या. कोकण किनाऱ्यावर रात्री एकटं वाटेल अशी भीती कोणी बाळगू नये. दिवेच दिवे. दीपस्तंभ ओळखायचे ते त्यांच्या लुकलुकीच्या हिशेबाने, प्रत्येकाची लय वेगळी, नकाशावर छापलेली. कप्तान घड्याळ धरून सेकंद मोजत असतात, आणि मध्येच लाल, हिरवा, निळा असा आळीपाळीने पेटणारा दिवा समोर उगवतो. नियमांप्रमाणे लाल म्हणजे जहाजाची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. दोन्ही बाजूंनी एकाच जागी उभं राहून निळं होणारं जहाज पुस्तकात नाही. ते जाळ्याच्या टोकाला बांधलेलं प्लॅस्टिकचं पिंप असतं आणि त्यावरचा दिवा बाजारात डझनावर मिळतो. दिवा चुकवला तरी जाळं पुढे किती लांब गेलंय ते जाळं टाकणाऱ्यालाच माहीत.

त्या रात्रींतलं एक सुख मात्र कबूल करायला हवं, आणि ते संडासातच आहे. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना धक्का लागला की ते उजेड पाडतात. दिवा न लावता पंप मारावा, की भांड्यात निळ्या ठिणग्या गरगर फिरतात. आमच्यातल्या एकाने त्या बघत पाळीचा अर्धा तास तिथेच काढला. बाहेर आल्यावर त्याने झडपांचं निवेदन अत्यंत भावुक स्वरात केलं.

हर्णैसमोर दिवस उजाडला. सुवर्णदुर्ग उन्हात आला, मच्छीमार बोटी बाहेर पडल्या, आणि आमचा तांडेल "जरा पडतो" म्हणून आत गेला. गाव त्याचं जवळचंच. शिडावर रखडत जाताना ओळखीच्या माणसाने पाहिलं तर काय म्हणेल, ही धास्ती. वारा पार पडला होता. एक मोठी होडी धडधडत आमच्याकडे वळली. वरून एका म्हाताऱ्याने हाक दिली, "काय झाला? मशीन बंद पडली?"

"नाही, नाही. शिडावर चाललोय," कप्तान म्हणाले.

म्हाताऱ्याने शिडाकडे पाहिलं. ते लोंबत होतं.

"मशीन नाय काय तुमच्याकडे?"

"आहे ना."

"मग लावा की!"

यावर शास्त्रशुद्ध उत्तर कप्तानांकडे नव्हतं. म्हाताऱ्याची बोट अजून जवळ आली. त्याने आवाज खाली आणला आणि चारचौघांत पैशाबद्दल विचारावं तसं विचारलं, "डिझेल संपला काय? देऊ थोडा?" आम्ही आभार मानून नको म्हटलं. त्याने टोपलीतले ताजे बांगडे आमच्या डेकवर ओतले, पैसे घेतले नाहीत, आणि "संभाळून जावा" म्हणून गेला. निम्म्या आयुष्याची बचत ज्या बोटीत गेली तिच्यावर कप्तान भिक्षेचे बांगडे साफ करत बसले. बांगडे उत्तम होते.

जोशुआ स्लोकमने 1895 ते 1898मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती पहिलीच. तबकडी फुटलेलं एक डॉलरचं पत्र्याचं घड्याळ, एवढं त्याचं वेळ बघायचं साधन. आमच्याकडे दोन जीपीएस आणि चार फोन. रत्नागिरीच्या पुढे सिग्नल आला, की चौघे खलाशी आपापल्या ऑफिसला "जरा रेंजमध्ये नाही" असं कळवू लागले. दुपारी वायव्येचा वारा लागला, बोट कलली, सहा नॉट, सात नॉट, विजयदुर्ग गेला, देवगड गेलं. शिडाच्या बोटीबद्दल लोक जे छान छान लिहितात ते सगळं त्या पाच-सहा तासांत खरं होतं. मग पुढच्या शिडाची कडेची शिवण वीतभर उसवली, आणि सुई-दोरा घेऊन मालवणपर्यंतचा समुद्र मी टाके मोजत पाहिला. सिंधुदुर्ग किल्ला मला विचाराल तर तो सत्तराव्या टाक्याच्या डावीकडे आहे.

वेंगुर्ल्याच्या खडकांना बाहेरून वळसा घालून, आग्वाद ओलांडून मांडवीत शिरलो, तर नदीत कॅसिनोंची जहाजं नांगरून ठेवलेली, दिवसाढवळ्या झगमगत. याच नदीतल्या दिवाडी बेटावर 56 फुटी 'म्हादेई' बांधली गेली. ती घेऊन दिलीप दोंदे 2009मध्ये मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेत 2010मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घालून आले. मग 2012-13मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आला. कप्तानांनी ही माहिती दिवाडीकडे बोट करून भरल्या आवाजात सांगितली. तांडेल शांतपणे म्हणाला, "त्यांना सुट्टी मिळाली असेल."

आता परतीचा प्रश्न. येताना पाठीशी असलेला वायव्य वारा जाताना बरोबर नाकावर, म्हणजे दोनशे मैलांचे नागमोडी तीनशे तरी होणार. कप्तानांनी धक्क्यावर सहज विचारलं, कोण कोण येतंय? एकाच्या मेहुण्याचं लग्न निघालं, एकाचं ऑडिट, माझी कंबर. सगळे तांडेलाकडे बघायला लागले.

"मी येतो ना शेठ," तो म्हणाला. "पण मशीन लावून."

कप्तानांनी शिडाच्या बोटीची इभ्रत, खलाशांची संख्या आणि आठवडाभराच्या वाऱ्याचा अंदाज यांचा साकल्याने विचार केला आणि चौकशी केली, "पणजीत डिझेल काय भाव आहे रे?"